गवताचा पगार

प्रिय ढेकळ्या,

तुला आता या नावाने कोणी हाक मारत नसेल. कापणीच्या टोळीत तुला म्हणे सगळे 'उस्ताद' म्हणतात, फिटरकाका सांगत होते. असशील बाबा उस्ताद. पण खिशात ढेकळं भरून शाळेत जाणारा आणि बाईंनी खिसे उलटे केले की भोकाड पसरणारा मुलगा मी पाहिलेला आहे, त्यामुळे माझ्यासाठी तू मरेपर्यंत ढेकळ्याच. रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र फाडू नकोस. फोनवर अण्णांचं नाव निघालं रे निघालं की "ठेवतो ताई, मशीन चालू आहे" म्हणून तू मोकळा होतोस. कसलं मेलं मशीन दिवसरात्र चालू असतं ते एकदा मलाही बघायचंय. पत्राला असं मधेच तोडता येत नाही म्हणून लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही. इकडचं तिकडे होईल, सांभाळून घे.

काल फिटरकाका येऊन गेले. तू गव्हाचं बियाणं सांगून ठेवलंस, पेरणीचं यंत्र भाड्याने ठरवलंस आणि जमिनीत ओल बसली की आपल्या शेतात उभा राहणार, असं म्हणाले. खरं सांगू? मला इतका आनंद झाला की त्यांच्या चहात मी दोन चमचे साखर घातली, आणि त्यांना साखरेचा आजार आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. बिचाऱ्यांनी एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला. ते गेल्यावर कप विसळायचे सोडून मी कागद-पेन शोधायला लागले. ढेकळ्या, तू पेरायला येऊ नकोस. मला माहितीये, हे वाचून तुझ्या कपाळावरची शीर उडायला लागली असेल. अण्णा गेले, आता ही सुरू झाली, असंच वाटलं ना? वाटू दे. पण शेवटपर्यंत वाच.

अण्णांना पोचवायला तू आलास. खांदा दिलास. मागे उभा राहिलास, पुढे आला नाहीस, रडला नाहीस आणि सगळं झाल्यावर फाटकापासूनच परत गेलास. मी घरातून तुझ्यासाठी चहा घेऊन आले तर फाटकाची कडी अजून हलत होती. आत्याबाई म्हणाल्या, पोरगा दगड आहे. मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही, पण तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते एका अर्थी बरंच झालं. मला माहीत होतं तू का थांबला नाहीस. घरात आला असतास तर अण्णांच्या खुर्चीकडे बघावं लागलं असतं. मलाही अजून बघवत नाही. त्या खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले ते, बूट घालून. शेताला एक फेरी मारून आले होते. कशाला मारायची फेरी त्या गवताला? पण रोज उजाडताच बूट चढवायचे, बांधाबांधाने फिरायचे आणि परत यायचे. काम काहीच नसायचं. दमून मात्र खरोखरच यायचे.

शेताचं आता काय झालंय ते तू रस्त्यावरूनच पाहिलंयस. आत पाऊल टाकलंस तर कंबरेइतकं गवत आहे. वर्षातून एकदा कापायचं, बाकी हात लावायचा नाही. पेरायचं नाही, चारायचं नाही. जमिनीखालचं पाणी खोल खोल गेलं म्हणून सरकारने ही शेतं न पेरण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोक किती हसले होते आठवतं? न पेरता पिकतं म्हणून. कुणीतरी त्याला 'गवताचा पगार' नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. मग हसणारे एकेक करून स्वतःच रांगेत उभे राहिले. आता आपल्याकडून नदीपर्यंत गवतच गवत. बियाणांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. धान्यच येईना म्हणून माझा वजनकाटा बंद झाला. ट्रक चढायचा ती लोखंडी फळी गंजली आहे आणि माझ्या खिडकीत कबुतरं राहतात. पगार शेतकऱ्याला मिळाला, पण त्या शेतावर जगणाऱ्या बाकीच्यांना कोण देणार? फिटरकाका आता शिलाई मशीन दुरुस्त करतात. शेत पेरायलाच हवं हे तुझं म्हणणं चूक होतं असं मी कधीच म्हटलेलं नाही.

तुझं तर सगळं आयुष्यच त्या मातीत होतं. मूठभर माती उचलून बोटांत चुरायचास आणि सांगायचास, अजून चार दिवस थांबा. अण्णा तोंडावर म्हणायचे, शहाणा झालाय मोठा, आणि थांबायचे. तुझ्या पाठीमागे माझ्यापाशी म्हणायचे, याला जमिनीचं कळतं, माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण त्याला सांगू नकोस, डोक्यात हवा जाईल. आणि त्याच अण्णांनी तुला न विचारता सगळं शेत गवताला देऊन टाकलं. तुला ते कळलं ते बियाणांच्या दुकानात, चार लोकांदेखत. यंदा तुमची मागणी नाही का, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा. त्या दिवशी तू डोक्यात राख घालून घरी आलास आणि जे काही बोललास ते अजून त्या भिंतींना आठवत असेल. बसून खायची चटक लागलीय, म्हणालास. पुढे चहाच्या टपरीवर तू त्यांना 'पेन्शनर' म्हणायला लागलास. ते अण्णांच्या कानावर आलं. मला म्हणाले, नाव बरं ठेवलंय, पोरगा विनोदी आहे.

आता आईचं. तू तिला भेटायला जातोस हे मला माहीत आहे. मी त्याच वृद्धाश्रमात खाली कपडे धुवायच्या खोलीत काम करते, मला सगळं कळतं. तुला वाटतं मी दुपारची असते म्हणून तू सकाळी येतोस. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस रे? वरच्या बाई सांगतात, तुमचा भाऊ येतो, खुर्ची पलंगाला लावतो, आईची नखं कापतो आणि जातो. तिची नखं कापलेली दिसली की मला कळतं. बरं वाटतं. ती खोली तिला मानवली आहे. खिडकीतून झाड दिसतं, दाराच्या कडीला बाहेरून गुप्त खटका आहे त्यामुळे ती कुठे निघून जात नाही, आंघोळीला दोघीजणी लागतात त्या दोघी तिथे आहेत. मारते अजून कधीकधी. पण त्या बायका म्हणतात, आजींचा हात हलका आहे, पापडही मोडायचा नाही. नव्या माणसांना ती घाबरते. पहिल्या वर्षी तिला खोली बदलून दिली तर तीन आठवडे जेवली नव्हती, आठवतंय ना? तिथून तिला हलवणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

तिची एक गोष्ट तुला माहीत नसेल. तिला आपण कोणीच आठवत नाही, पण वाटाण्याच्या शेंगा आठवतात. मांडीवर शेंगा ठेवल्या की हात आपोआप चालायला लागतात. सोलते, दाणे वाटीत, टरफलं पिशवीत, एक दाणा इकडे तिकडे नाही. तेवढा वेळ तिचा चेहरा पूर्वीसारखा होतो. अण्णा दर आठवड्याला तिच्यासमोर बसून हे बघायचे. एकदा तिने सोललेला दाणा त्यांच्या हातावर ठेवला तर घरी येईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही. आणि या शेंगा आणायचे कुठून, तर आपल्याच शेतातून. तू म्हणशील, पेरायला बंदी होती ना? तोच तर घोळ झाला.

आपल्या घरात शेत म्हणजे मशीन जिथवर चालतं तिथवर. बांधाकडेला मशीन वळवायची ती पट्टी कधी शेतात धरलीच नाही कोणी. ती आईची. चाकांनी दाबलेली कडक जमीन ती कुदळीने फोडायची आणि वाटाणा लावायची. त्याचे पैसे तिचे, हिशेब तिचा, अण्णा कधी विचारायचे नाहीत. तर अण्णांनी सही केली ती शेताची. पट्टीची सही आपण केली असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी पट्टीला वाटाणा लावला, अगदी उजळ माथ्याने, दिवसाढवळ्या. आणि तपासणीच्या बाई आल्या. तीच ती, मोठाले बूट घालून येते, पोरं जिला 'गवतवाली' म्हणतात. तिच्याकडे वरून काढलेला फोटो होता. सगळं शेत एका रंगाचं आणि भोवतीने वेगळ्याच हिरव्या रंगाचा काठ. अण्णांनी तिला बसवून समजावलं, की बाई, मशीन इथे वळतं, हे शेत नव्हे, ही माझ्या बायकोची पट्टी. ती पोरगी बिचारी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, काका, वरून बघितलं की बांधापासून बांधापर्यंत सगळं शेतच दिसतं हो. तिने लिहिलं असतं तर हप्ते तिथेच बंद झाले असते, शिवाय दिलेले परत मागितले असते. तिने लिहिलं नाही. परत येईन तेव्हा पट्टी मोकळी दिसू दे, एवढंच बोलली आणि चहा न संपवता गेली.

वाटाणा फुलावर होता. मी म्हटलं, अण्णा, मी करते, तुम्ही आत बसा. नाही म्हणाले. स्वतः कुदळ घेऊन चारी बाजू उलथल्या, दोन दिवस लागले. त्यातल्याच एका दिवशी तू टोळीच्या ट्रकमधून रस्त्याने गेलास. म्हातारा गवतात पैसे शोधतोय, असं तू फिटरकाकांना म्हणालास म्हणे. त्यांनी ते मला सांगितलं, मी अण्णांना सांगितलं नाही. त्यानंतर शेंगा मी बाजारातून आणायला लागले. आई त्याही तशाच सोलते. तिला काही फरक पडत नाही. अण्णांना पडला. बसमध्ये ती पिशवी माझ्याकडे द्यायचे, स्वतः धरायचे नाहीत, आणि तिच्यासमोर बसले की खिडकीबाहेर बघायचे. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. एवढं काय वाटाण्याचं, असं मी बोलूनही गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला माहीतच आहे.

आता मी ते सांगते जे मला सांगायचं नव्हतं. ती शेवटची कापणी आठव. तू ट्रॅक्टर घेऊन काट्यावर रांगेत उभा होतास, ट्रॉली भरलेली, आणि मला खिडकीतून वेडावून दाखवत होतास. मला अण्णांचा फोन आला. मी तुला म्हटलं, डोकं दुखतंय, घरी जाते. माझं डोकं दुखत नव्हतं. अण्णा फोनवर एवढंच म्हणाले होते, ये, आणि त्याला काही बोलू नकोस. मी सायकल कशी हाणली ते माझं मला माहीत. शेतात मशीन उभं, इंजिन बंद, आणि त्याच्यापुढे गव्हात अण्णा बसलेले आणि त्यांच्याशेजारी आई. लाल स्वेटर घातलेली. तिच्या मांडीवर अण्णांचा डबा होता. उघडून बघितला तर रिकामा, आत फक्त चमचा. इतकी वर्षं कापणीच्या दिवशी डबा घेऊन यायची, तशीच आली होती. चालून दमली असेल, म्हणून गव्हातच बसली. उभ्या गव्हात बसलेलं माणूस दिसतं का रे मशीनवरून? अण्णांना लाल काहीतरी दिसलं. आधी वाटलं कापड उडून आलंय. त्यांनी थांबवलं तेव्हा तिच्या आणि पात्यांच्या मधे एक माणूस आडवा झोपेल एवढंच अंतर होतं. मी पोचले तेव्हा अण्णा तिचा स्वेटर नीट करत होते, बटण एकदा लावायचे, परत काढायचे, परत लावायचे. आई हसत होती. तिला वाटत होतं जेवण चाललंय.

आम्ही तिला घरी नेलं. तू परत आलास तेव्हा अण्णा तुला म्हणाले, मशीन मधेच बंद पडलं. आणि तू, गाढवा, संध्याकाळपर्यंत ते मशीन खोलून बसलास! पातीन् पाती काढलीस, पट्टा काढलास, सगळं पुसून परत लावलंस. अण्णा शेजारी बसून तुला पाने देत होते. दहा नंबर, बारा नंबर. तू मागशील तो. बिघाड सापडेना म्हणून तू चिडलास, फिटरकाकांना बोलावलंस, त्यांनाही सापडेना. सापडणार कुठून? दुसऱ्या दिवशी मशीन तू चालवलंस. अण्णा त्यावर पुन्हा कधी चढले नाहीत. तू सगळ्यांना सांगत फिरलास की एकदा मशीन बंद पडलं आणि या माणसाने शेती सोडली. मी ऐकत होते. किती वेळा ओठांवर आलं होतं, तुला शपथेवर सांगते.

आईला घरी ठेवायचे दिवस संपले ते त्या दिवशी. ती खोली, त्या दोघी बायका, ते औषधपाणी, हे सगळं महिन्याच्या महिन्याला लागतं. मामा पैसे देतात असं तुला सांगितलं होतं ना? मामांनी एक दमडी दिलेली नाही. बिचाऱ्यांकडे होती कुठे? तू मात्र त्यांच्या दारात जाऊन त्यांना चांगला लोकरीचा कोट देऊन आलास. मामांचा मला फोन, अगं, पोरगं मला कोट का देऊन गेलं, पाया का पडलं? मी खरं सांगितलं. तो कोट त्यांनी घडी करून ठेवलाय, अंगाला लावलेला नाही. पैसे गवताचे होते, ढेकळ्या. पहिल्यापासून. हप्ता आला की अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचे आणि तिथून परस्पर आईच्या तिथे भरून यायचे. घराला त्यातलं काही लागलं नाही, घर माझ्या पगारावर चाललं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, त्याला सांगा, तो काही परका नाही, समजून घेईल. तर म्हणाले, समजून घेईल ग, पण आईने माझं शेत खाल्लं असं कुठेतरी मनात राहीलच, आज ना उद्या. तिच्याबद्दल त्याच्या मनात अढी नको. माझ्याबद्दल असू दे, मी निगरगट्ट आहे. आणि माझ्या तोंडाला कुलूप लावलं. ते गेले, तरी मी महिनाभर ते काढलं नाही. काल फिटरकाकांच्या निरोपाने निघालं.

गवतवाली बाई मागच्या आठवड्यात येऊन गेली. कामाला म्हणून आली आणि अण्णांच्या खुर्चीकडे बघून रडली, मलाच तिला पाणी द्यावं लागलं. तिने समजावून सांगितलं ते असं, की शेत आता आपल्या दोघांचं. दोघांनी सही केली तर अनुदान चालू राहील. एकाने जरी आपल्या वाट्यात पेरलं तरी सगळं शेत यादीतून बाहेर. तू म्हणशील, मी पेरतो, पिकवतो आणि त्यातून आईचं बघतो. तुझी नियत मला ठाऊक आहे. पण गहू हंगामाला पैसे देतो, आईला दर महिन्याला लागतात. पाणी किती खोल गेलंय तेही तूच मला सांगितलं होतंस. एक वर्ष फसलं तर? मी माझा पगार मांडून बघितला, उलटासुलटा करून बघितला, त्याने अर्धंही भागत नाही. घरी आणून मी नोकरी सोडून तिच्यापाशी बसले तर खायचं काय, आणि रात्री ती उठून चालायला लागली तर एकटी मी तिला आवरू शकेन का? मी सगळा विचार केलाय. तुझं शेत तुला मिळावं असा कुठलाच रस्ता मला सापडला नाही. सापडला असता तर मी पहिली तुझ्या यंत्रामागे धावले असते. तू पेरताना बघायचंय रे मला. फार बघायचंय.

शेवटचं सांगते, म्हणजे मी मोकळी. तू दर भांडणात अण्णांना एकच विचारायचास, जमीन सुटणार कधी, एक तारीख सांगा, मी तोवर थांबतो. आणि अण्णा उठून बाहेर जायचे. तुला वाटायचं, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून जातात. दर मुदतीला करार पुढे वाढवायचा, आई आहे तोवर, हे त्यांचं ठरलेलं होतं. मग तुला ते कुठली तारीख सांगणार होते? शेवटच्या वेळी तू निघून गेल्यावर मला म्हणाले, त्याला शेत हवंय यात त्याचं काय चुकलं? पण एकदा त्याला कळलं की तो नकळत वाट बघायला लागेल. दर वर्षी पेरणीच्या दिवसांत त्याच्या मनात येईल, आणि मग त्याचं तोच स्वतःला माफ करणार नाही. मला शिव्या देऊ दे त्याला, ते बरं. आता तो प्रश्न तू मला विचारणार आणि मला अण्णांसारखं उठून बाहेर जाणं जमणार नाही, म्हणून हे पत्र. आई आहे तोवर नाही, ढेकळ्या. आणि आई खूप वर्षं असू दे. सोबतच्या कागदावर माझ्या सहीखाली तुझी जागा आहे. सही करायच्या आधी हे एकदा मोठ्याने म्हणून बघ, आई खूप वर्षं असू दे. मी म्हणून बघितलं तर माझा आवाज कापला, खोटं कशाला सांगू? तुझाही कापेल. तरी म्हण.

तुझीच,
ताई